मोटारीचे इंजिन तेल बदलणे

मोटारीचे इंजिन तेल बदलणे ही मोटारीच्या नियमित देखभालीतील एक मूलभूत क्रिया आहे. या क्रियेत इंजिनातील वापरून जुने झालेले वंगण तेल काढून टाकले जाते, तेलाची गाळणी (ऑइल फिल्टर) बदलली जाते आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या प्रतीचे नवे तेल ठरलेल्या मापाने भरले जाते. हे काम सहसा गॅरेजमध्ये किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात होते. मात्र मोजकी हत्यारे आणि सपाट जागा उपलब्ध असल्यास ते घरीही सुमारे एक तासात करता येते. या कामाचे दोन भाग असतात: इंजिनात योग्य तेल योग्य मापात भरणे आणि बाहेर काढलेल्या तेलाची सुरक्षित विल्हेवाट लावणे. पश्चिम विदर्भातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत, म्हणजे वऱ्हाडात, कडक उन्हाळा, धूळ, भेगाळणारी काळी माती आणि खाऱ्या भूजलाचा पट्टा यांमुळे या दोन्ही भागांना विशेष महत्त्व आहे.

इंजिन तेलाचे कार्य

अंतर्ज्वलन इंजिनात दट्ट्ये, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि झडपा असे अनेक धातूचे भाग एकमेकांलगत वेगाने फिरतात किंवा सरकतात. इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पात्राला मराठी गॅरेजांत 'चेंबर' म्हणतात. तेलाचा पंप या चेंबरमधून तेल ओढून गाळणीतून सर्व भागांपर्यंत पोहोचवतो आणि ते तेल पुन्हा चेंबरमध्ये उतरते. या प्रवासात तेल पुढील कामे करते:

• धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये पातळ थर निर्माण करून घर्षण व झीज कमी करणे.
• दट्ट्ये व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेणे.
• ज्वलनातून तयार होणारी काजळी व चिकट मळ स्वतःत सामावून घेणे.
• दट्ट्याच्या कड्या व सिलिंडरची भिंत यांमधील फट बंद ठेवणे.
• आम्ल व ओलावा यांपासून धातूचे गंजण्यापासून रक्षण करणे.

इंजिन तेलाचा मोठा भाग मूळ तेलाचा असतो. त्यात मलशोधक, मळ तरंगत ठेवणारी, झीजरोधक, फेसरोधक आणि श्यानता सुधारणारी रसायने मिसळलेली असतात.

तेल खराब होण्याची कारणे

इंजिन तेल जळून संपले नाही तरी कालांतराने निकामी होते. उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे मूळ तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि ते घट्ट व आम्लधर्मी होऊ लागते. मलशोधक रसायने आम्लाचे उदासीनीकरण करताना खर्ची पडतात. श्यानता सुधारणाऱ्या लांब रेणूंचे गिअर व बेअरिंगांमधील दाबाखाली तुकडे होतात. न जळलेले इंधन, पाण्याची वाफ, काजळी, धातूचे सूक्ष्म कण आणि हवेबरोबर आत आलेली धूळ यांची त्यात भर पडते.

तेलाचा रंग काळा होणे हे मात्र खराबीचे विश्वसनीय लक्षण नाही. डिझेल इंजिनात नवे तेल काही शे किलोमीटरमध्येच काळे पडते, कारण काजळी तरंगत ठेवण्याचे आपले काम ते करीत असते. याउलट तेलमापक पट्टीवर (डिपस्टिक) दुधाळ, चहासारखे तेल दिसल्यास त्यात पाणी किंवा शीतक द्रव मिसळल्याची शक्यता असते. तेल न भरताही पातळी वाढत असल्यास इंधन मिसळत असल्याचा संशय येतो. या दोन्ही स्थितींत केवळ तेल बदलून भागत नाही, मूळ दोष शोधावा लागतो.

इतिहास

यंत्रयुगापूर्वी वंगणासाठी प्राण्यांची चरबी व वनस्पती तेले वापरली जात. बैलगाडीच्या, म्हणजे वऱ्हाडातील बंडीच्या, आखाला वंगण देण्याची प्रथा याच परंपरेतील आहे. सुरुवातीच्या मोटारी व विमानांच्या इंजिनांतही एरंडेल तेलाचा वापर होई. कॅस्ट्रॉल हे व्यापारी नाव एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच घेतले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलाचे शुद्धीकरण सुरू झाल्यावर खनिज वंगणांचा प्रसार झाला.

अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स (एसएई) या संस्थेने १९११ साली तेलांचे श्यानतेनुसार वर्गीकरण सुरू केले. १९२० च्या दशकात मोटारींत तेलाची गाळणी आली. १९५० च्या दशकात थंड व गरम अशा दोन्ही स्थितींत चालणारी बहुश्रेणी तेले रूढ झाली आणि १९७० च्या दशकापासून मोटारींसाठी संश्लेषित तेले बाजारात येऊ लागली.

भारतात इंडियन ऑइलची सर्वो, भारत पेट्रोलियमची मॅक आणि हिंदुस्तान पेट्रोलियमची एचपी ही सार्वजनिक क्षेत्रातील तेलांची नावे परिचित आहेत. अंतर्ज्वलन इंजिनांच्या तेलासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३६५६ हे मानक लागू आहे.

तेलाचे वर्गीकरण

श्यानता

तेल वाहण्यास जो अंतर्गत विरोध करते त्यास श्यानता म्हणतात. व्यवहारात तिला दाटपणा म्हटले जाते. डब्यावरील '५डब्ल्यू-३०' यांसारख्या खुणेत दोन आकडे असतात. 'डब्ल्यू' हे हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा थंड स्थितीतील वर्तन दर्शवतो आणि तो जितका लहान तितके तेल थंडीत अधिक सहज वाहते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरची, १०० अंश सेल्सिअसला मोजलेली, श्यानता दर्शवतो. एसएईच्या जे३०० या मानकानुसार प्रमुख श्रेणी पुढीलप्रमाणे आहेत:

• श्रेणी २०: ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सपेक्षा कमी
• श्रेणी ३०: ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सपेक्षा कमी
• श्रेणी ४०: १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सपेक्षा कमी

जुन्या भारतीय मोटारींत २०डब्ल्यू-४० सारखी दाट तेले वापरली जात. अलीकडील अनेक छोट्या पेट्रोल मोटारींना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ तेल सांगितलेले असते.

गुणवत्ता

तेलाची गुणवत्ता अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) वर्गांनी दर्शवली जाते. पेट्रोल इंजिनांचे वर्ग 'एस' या अक्षराने सुरू होतात. उदाहरणार्थ, एसएन हा वर्ग २०१० पासून, तर एसपी हा वर्ग २०२० पासून लागू आहे. डिझेल इंजिनांचे वर्ग 'सी' या अक्षराने सुरू होतात, जसे सीआय-४ व सीके-४. युरोपीय उत्पादकांचे एसीईए हे वेगळे वर्गीकरण आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे उत्सर्जन मानक लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत धूर गाळणारी कणगाळणी बसवलेली असते. धातुयुक्त रसायने जळून उरणारी राख या गाळणीत साचते व ती कायमची तुंबू शकते. त्यामुळे अशा मोटारींना एसीईए सी२ किंवा सी३ यांसारख्या कमी राखेच्या वर्गातील, उत्पादकाने नमूद केलेलेच तेल वापरावे लागते. जुन्या डिझेल मोटारीचे, जीपचे किंवा ट्रॅक्टरचे घरात शिल्लक असलेले तेल या मोटारींत चालत नाही.

बदलण्याचा कालावधी

तेल बदलण्याचा कालावधी मोटारीसोबतच्या मालक पुस्तिकेत दिलेला असतो. भारतातील अनेक आधुनिक पेट्रोल मोटारींसाठी तो १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असा असतो. मोटार फारशी चालली नसली तरी वर्षाची मर्यादा पाळली जाते, कारण उभ्या मोटारीतील तेलातही ओलावा व आम्ल टिकून राहतात. ट्रॅक्टरसाठी हा कालावधी किलोमीटरऐवजी इंजिनाच्या चालू तासांत मोजतात.

बहुतेक पुस्तिकांत 'कठीण वापर' असा स्वतंत्र वर्ग असतो व त्यासाठी कमी कालावधी सुचवलेला असतो. धुळीचे रस्ते, सततच्या लहान फेऱ्या, इंजिन चालू ठेवून बराच काळ उभे राहणे, जड ओझे ओढणे आणि घाटातील चढण या बाबी त्यात मोडतात.

वऱ्हाडातील परिस्थिती

उष्णता

अकोला हे महाराष्ट्रातील सर्वांत उष्ण शहरांपैकी एक असून एप्रिल-मे महिन्यांत अकोला व अमरावती येथील कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. हिवाळ्यातील किमान तापमान सहसा गोठणबिंदूच्या बरेच वर असते. या हवामानामुळे उन्हाळ्यात अधिक दाट तेल टाकावे, असा समज आढळतो. आधुनिक इंजिनात शीतक द्रवाचे तापमान थर्मोस्टॅटद्वारे ९० अंशांच्या आसपास राखले जाते आणि तापलेल्या इंजिनातील तेल साधारणपणे १०० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे बाहेरचे तापमान २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले तरी तेलाच्या तापमानात तेवढ्याच प्रमाणात वाढ होत नाही. दाट तेलामुळे इंधन अधिक खर्च होते. तसेच तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडप-नियंत्रण यंत्रणेच्या कामात अडथळा येऊ शकतो. पुस्तिकेतील तापमानाच्या तक्त्यात दुसरी श्रेणी मान्य केलेली असेल तरच ती वापरणे योग्य ठरते.

उष्णतेचा खरा परिणाम तेलाच्या पातळीवर व वयावर होतो. वातानुकूलन चालू ठेवून गर्दीत हळू चालणाऱ्या किंवा ओझे घेऊन महामार्गावर धावणाऱ्या मोटारीतील तेल अधिक तापते, त्याचे ऑक्सिडीकरण वेगाने होते आणि काही तेल बाष्परूपाने कमी होते. म्हणून उन्हाळ्यात तेलाची पातळी अधिक वेळा तपासणे हिताचे असते.

धूळ आणि रस्ते

अमरावती व अकोला ही शहरे राष्ट्रीय महामार्ग ५३ ने जोडलेली आहेत. या मार्गावर ३ ते ७ जून २०२२ दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग टाकून विश्वविक्रम नोंदवण्यात आला. अशा महामार्गावर एकसमान वेगाने धावणारी मोटार तेलाच्या दृष्टीने सोप्या वापरात मोडते. याच जिल्ह्यांतील पांदण रस्त्यांवर, कापूस व सोयाबीनच्या हंगामात शेतापर्यंत जाणारी मोटार मात्र कठीण वापरात मोडते. काळ्या मातीची बारीक धूळ हवेच्या गाळणीतून निसटल्यास सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरते आणि घासकागदासारखी झीज घडवते. त्यामुळे अशा वापरात तेल बदलताना हवेची गाळणीही तपासली जाते. परतवाड्याहून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याकडे जाणारा घाटरस्ता आणि मेळघाटातील वळणाचे चढ हेही इंजिनावर अधिक भार टाकतात.

शहरात रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणारी मोटार वरवर पाहता कमी वापरली जाते. तथापि इतक्या कमी अंतरात तेल पूर्ण तापत नाही, त्यातील इंधन व पाणी उडून जात नाही आणि गाळ साचू लागतो. अशा मोटारीच्या तेलाचा कालावधी वर्षाच्या हिशेबानेच धरला जातो.

साहित्य

• पुस्तिकेतील श्रेणीचे व वर्गाचे तेल. छोट्या पेट्रोल मोटारींना साधारणपणे ३ ते ४ लिटर तेल लागते. डिझेल मोटारींना बहुधा अधिक लागते. नेमके माप पुस्तिकेत असते.
• त्याच प्रतिरूपासाठीची तेलाची गाळणी.
• निचऱ्याच्या बोल्टसाठी नवा वॉशर.
• योग्य मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट, गाळणी सोडवण्याचा पट्टा-पाना आणि शक्य असल्यास टॉर्क पाना.
• जॅक व मोटार पेलणारे दोन पक्के स्टँड, किंवा मोटार चढवण्याचे रॅम्प. मागील चाकांसाठी लाकडी ठोकळे.
• सर्व जुने तेल मावेल असे रुंद तोंडाचे पात्र, नरसाळे आणि झाकणाचा रिकामा डबा.
• रबरी हातमोजे, डोळ्यांसाठी चष्मा, ताडपत्री, धागे न सुटणारे जुने कापड आणि सांडलेले तेल टिपण्यासाठी लाकडाचा भुसा.

बाजारात नामांकित तेलांच्या बनावट मालाचा प्रश्न असल्याने अधिकृत विक्रेता, पक्के बिल, न उघडलेले सील आणि उत्पादनाची तारीख पाहिली जाते. रिकामे झालेले डबे पुन्हा भरून विकले जाऊ नयेत, यासाठी ते भंगारात देण्यापूर्वी छिद्र पाडून निरुपयोगी करतात. जुने तेल साठवण्यासाठी ठेवलेला डबा याला अपवाद असतो.

कृती

पूर्वतयारी

मोटार सपाट व कठीण जमिनीवर उभी करतात. काळ्या मातीच्या अंगणात जॅक किंवा स्टँड रुतण्याचा धोका असतो, पावसाळ्यात तर अधिकच. त्यामुळे फरशीची किंवा काँक्रीटची जागा निवडली जाते. इंजिन काही मिनिटे चालवून कोमट करतात. कोमट तेल लवकर वाहते व तळाचा मळ सोबत घेऊन येते. नुकत्याच लांबून आलेल्या मोटारीचे तेल मात्र भाजण्याइतके गरम असते, म्हणून ती थंड होऊ देतात. वऱ्हाडातील उन्हाळ्यात हे काम सकाळी सावलीत करणे सोयीचे असते.

हँडब्रेक ओढून, मोटार गिअरमध्ये ठेवून मागील चाकांना पुढून व मागून ठोकळे लावतात. त्यानंतर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून पुढचा भाग उचलतात आणि तो स्टँडवर टेकवतात. स्टेपनी बदलण्यासाठी दिलेला जॅक केवळ चाक काढण्यापुरता असतो. त्याच्या किंवा विटांच्या थराच्या आधारावर उचललेल्या मोटारीखाली जाणे जिवावर बेतू शकते. ज्या मोटारींत बोल्ट व गाळणी बाहेरूनच हाताला येतात, त्यांत मोटार उचलण्याची गरज भासत नाही.

जुने तेल काढणे

बोनेट उघडून तेल भरण्याचे झाकण सैल करतात, म्हणजे हवा आत जाऊन तेल सुरळीत वाहते. मोटारीखाली ताडपत्री व पात्र ठेवून चेंबरचा निचऱ्याचा बोल्ट शोधतात. काही मोटारींत गिअरबॉक्सचा बोल्टही जवळच असतो. चुकून तो उघडल्यास गिअर तेल वाहून जाते आणि इंजिनात जुन्याच तेलावर नवे तेल भरले जाते. म्हणून पुस्तिकेतील आकृतीवरून खात्री करून घेणे आवश्यक असते.

बोल्ट पान्याने सैल करून शेवटचे आटे हाताने सोडवतात. सुरुवातीला तेलाची धार पुढे उडते व नंतर जवळ येते, त्यानुसार पात्र सरकवतात. थेंब थांबेपर्यंत सुमारे १५ मिनिटे वाट पाहतात. बोल्टला चिकटलेला बारीक धातूचा लेप सामान्य असू शकतो. बोटाला जाणवणारे तुकडे आढळल्यास इंजिनाची तपासणी करून घेतली जाते.

नंतर नवा वॉशर घालून बोल्ट प्रथम हाताने व मग पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतका आवळतात. अनेक चेंबर ॲल्युमिनियमचे असतात. अति जोर दिल्यास त्यांचे आटे जातात आणि संपूर्ण चेंबर बदलण्याची वेळ येते.

गाळणी बदलणे

गाळणीत उरलेले तेल सांडते, म्हणून पात्र तिच्याखाली आणून ती सोडवतात. जुन्या गाळणीचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे पाहणे महत्त्वाचे असते. दोन कडी एकावर एक बसल्यास दाबाखाली तेल वेगाने गळते व काही मिनिटांत इंजिन कोरडे पडू शकते. बसण्याची जागा पुसून, नव्या गाळणीच्या कड्याला नवे तेल लावून ती हाताने फिरवतात. कडे टेकल्यावर साधारणपणे पाऊण फेरा अधिक आवळतात, किंवा गाळणीवर छापलेली सूचना पाळतात. काही मोटारींत डब्यासारख्या गाळणीऐवजी आतील कागदी भाग बदलतात. तेथे झाकणाचे गोल रबरी कडेही नवे घालावे लागते.

गाळणी तुंबली तरी तेलाचा पुरवठा थांबू नये यासाठी तिच्यात किंवा इंजिनात एक उपमार्गी झडप असते. ती उघडल्यावर न गाळलेले तेल थेट बेअरिंगांपर्यंत पोहोचते. नव्या तेलाबरोबर गाळणी बदलण्याचे हे प्रमुख कारण आहे.

नवे तेल भरणे

नरसाळ्याने प्रथम ठरलेल्या मापापेक्षा सुमारे अर्धा लिटर कमी तेल भरतात आणि पट्टीवर पातळी पाहत उरलेले थोडे थोडे घालतात. झाकण लावून इंजिन सुरू करतात. तेलाच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे; तो न विझल्यास इंजिन त्वरित बंद करतात. एक-दोन मिनिटे इंजिन मंद गतीने चालवून बोल्ट व गाळणीपाशी गळती नसल्याची पाहणी करतात. या वेळी मोटारीखाली न जाता बाजूने वाकून पाहतात. मग इंजिन बंद करून मोटार स्टँडवरून सपाट जमिनीवर उतरवतात आणि किमान पाच मिनिटांनी पातळी पुन्हा मोजतात.

पातळी पट्टीवरील दोन खुणांच्या दरम्यान, वरच्या खुणेच्या जवळ पण तिच्या खाली असावी. तेल कमी असल्यास बेअरिंग कोरडी पडतात. जास्त असल्यास क्रँकशाफ्ट तेलात बुडून फेस होतो व फेसाळ तेलाचा दाब टिकत नाही. शेवटी तारीख, किलोमीटर, तेलाची श्रेणी व गाळणीचा क्रमांक यांची नोंद केली जाते. मोटारीत सेवा-स्मरणाची सोय असल्यास ती नव्याने सुरू केली जाते.

आरोग्य व सुरक्षितता

वापरलेल्या इंजिन तेलात बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचे प्रमाण वाढलेले असते. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या त्वचेवर असे तेल वारंवार लावल्यास कर्करोग झाल्याचे आढळले आहे. त्यामुळे हातमोजे वापरणे, तेलकट कपडे अंगावर न ठेवणे आणि काम झाल्यावर हात साबणाने धुणे आवश्यक मानले जाते. हात पेट्रोलने किंवा रॉकेलने धुतल्यास त्वचेचे नैसर्गिक आवरण निघून जाते. जुने तेल लहान मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवतात. पाण्याच्या किंवा खाद्यतेलाच्या बाटलीत ते कधीही भरत नाहीत.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

प्रचलित वापर व त्यांचे परिणाम

'काळे तेल' किंवा 'जळके ऑइल' या नावांनी ओळखले जाणारे वापरलेले तेल भारताच्या अनेक भागांत टाकाऊ न मानता पुन्हा वापरले जाते. लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून, शेती अवजारे गंजू नयेत म्हणून, सेंट्रिंगच्या पाट्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते लावले जाते. भट्ट्यांमध्ये ते इंधन म्हणूनही जाळले जाते. यामागे काटकसरीची समज असली, तरी उघड्यावर लावलेले तेल पावसाने धुऊन मातीत व नाल्यात उतरते. साध्या भट्टीत जाळल्यास त्यातील धातू व अर्धवट जळालेली संयुगे हवेत मिसळतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार एका मोटारीतून एका वेळी काढलेले तेल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते. पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळण्यास अडथळा करतो.

काळी माती आणि खारपाणपट्टा

वऱ्हाडातील काळी कापसाची माती पाणी मिळताच फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. अशा भेगांत ओतलेले तेल पृष्ठभागावर न थांबता थेट खालच्या थरांत जाते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्याच वाटांनी खाली उतरते. मातीने शोषलेले जड तेल सहजासहजी नाहीसे होत नाही, कारण जीवाणूंना त्याचे विघटन करण्यास मोठा काळ लागतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांचा काही भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल क्षारयुक्त असल्याने बहुतांश पिण्यास व सिंचनास अयोग्य आहे. या पट्ट्यातील अनेक गावांना वान व शहानूर या धरणांवरील प्रादेशिक योजनांतून पाणी पुरवले जाते. अमरावती शहर ऊर्ध्व वर्धा प्रकल्पावर, तर अकोला शहर काटेपूर्णा प्रकल्पावर अवलंबून आहे. जेथे गोड्या पाण्याचे स्रोत मोजकेच आहेत, तेथे एखादी गोडी विहीर किंवा नाला तेलाने दूषित झाल्यास पर्याय लवकर उपलब्ध होत नाही. शेतालगत किंवा नालीत तेल ओतण्याचा प्रश्न त्यामुळे या भागात अधिक गंभीर ठरतो.

कायदेशीर तरतुदी

भारतात वापरलेले तेल घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांच्या कक्षेत येते. पुनर्प्रक्रियेस योग्य ठरण्यासाठी त्यातील प्रदूषकांच्या मर्यादा या नियमांत दिल्या आहेत. उदाहरणार्थ, शिशाची मर्यादा १०० पीपीएम आहे. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाल्यामुळे मोटारींच्या जुन्या तेलातील शिसे कमी होण्यास मदत झाली. २०२३ च्या दुरुस्तीने तेल उत्पादक व आयातदार यांच्यावर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी टाकण्यात आली. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. राज्यात या नियमांची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय अमरावती येथे आहे.

संकलन व पुनर्शुद्धीकरण

घरी तेल बदलणाऱ्यांसाठी व्यवहार्य मार्ग म्हणजे जुने तेल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर 'वापरलेले इंजिन तेल' असे लिहून, ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकाला तेल देणाऱ्या गॅरेजकडे किंवा सेवा केंद्राकडे सुपूर्द करणे. त्यात शीतक द्रव, ब्रेक तेल, पेट्रोल किंवा पाणी मिसळत नाहीत, कारण अशा मिश्रणाचे शुद्धीकरण कठीण होते. जुनी गाळणी पात्रावर उलटी ठेवून रात्रभर निथळू देतात आणि तेलासोबत देतात. तेलकट भुसा व कापड वेगळ्या पिशवीत ठेवतात, ओल्या कचऱ्यात मिसळत नाहीत.

पुनर्शुद्धीकरणात तेलातील पाणी व इंधन प्रथम काढले जाते. त्यानंतर निर्वात ऊर्ध्वपातनाने मूळ तेल वेगळे केले जाते आणि द्रावक किंवा हायड्रोजनच्या प्रक्रियेने ते स्वच्छ केले जाते. वापराने खराब झालेली रसायने व मळ यांतून निघून जातात, मूळ तेलाचा मोठा भाग मात्र टिकून असतो. त्यात नवी रसायने मिसळून पुन्हा वंगण तयार करता येते. एक गॅलन वापरलेल्या तेलातून जेवढे वंगण मिळते तेवढे मिळवण्यासाठी ४२ गॅलन कच्चे खनिज तेल लागते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नमूद केले आहे.

घरगुती देखभालीच्या मर्यादा

हमीच्या मुदतीतील मोटारीचे तेल घरी बदलल्यास सेवेची अधिकृत नोंद राहत नाही व पुढे हमीचा दावा करताना अडचण येऊ शकते. त्यामुळे अशा काळात हमीच्या अटी आधी पाहिल्या जातात आणि तेल व गाळणीची बिले जपून ठेवली जातात. इंजिनाखाली संरक्षक पत्रा असलेल्या, गाळणीपर्यंत हात न पोहोचणाऱ्या किंवा संगणकीय उपकरणाशिवाय स्मरणदिवा न विझणाऱ्या मोटारींचे काम गॅरेजमध्येच सोयीचे ठरते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील दोन वर्षांच्या 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' या व्यवसाय अभ्यासक्रमात इंजिनाच्या वंगण यंत्रणेची देखभाल शिकवली जाते. केवळ विद्युत घटावर चालणाऱ्या मोटारींत अंतर्ज्वलन इंजिन नसल्याने त्यांना इंजिन तेल लागत नाही, मात्र त्यांच्या गिअर यंत्रणेत वंगण असते.

हे सुद्धा पहा

• अंतर्ज्वलन इंजिन
• वंगण
• श्यानता
• भारत स्टेज उत्सर्जन मानके
• काळी मृदा
• खारपाणपट्टा
• महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ